फौजीचा उजवा खिसा

खंडेनवमीच्या सकाळी रंगनाथ पठारेनं नारळ फोडायला हात उचलला आणि बंदूक फोडली.

हे ऐकून कुणाला वाटेल, रंगनाथ म्हणजे मोठा हत्यारबंद गडी असणार. तसं काही नाही. सुप्याच्या स्टँडसमोर त्याचं शिलाईचं दुकान आहे. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या गेटवर जेवढे वॉचमन उभे असतात, त्यातल्या निम्म्यांच्या पँटी रंगनाथच्या हातच्या. त्या कमरेत घट्ट होतात तो दोष वॉचमनांच्या बायकांच्या स्वयंपाकाचा, असं त्याचं ठाम मत आहे. दुकानातलं सगळ्यांत धारदार हत्यार म्हणजे कापडाची कात्री, आणि तिच्याहून धारदार म्हणजे मालकाची जीभ.

पण दर खंडेनवमीला मशीन, कात्री, इस्त्री आणि टेप यांच्या रांगेत एक एकनळी बंदूकही झेंडूची माळ घालून आडवी पडलेली असे. ती त्याच्या मित्राची, कानिफनाथ औटीची. कानिफनाथ फौजेतून नाईक होऊन परत आला तेव्हापासून एटीएममध्ये पैसे भरणाऱ्या गाडीवर गनमॅन होता. बंदूक त्याची स्वतःची, परवानाही त्याचाच. या धंद्यात गनमॅनला नोकरी लागते ती हत्यारासकट, नवरीला जशी घागर-कळशीसकट पाठवतात तशी. घरात पूजेला बंदूक मांडायला बायकोची, बनुबाईची सक्त मनाई होती. "देव भेत्यात," ती म्हणायची. म्हणून बंदुकीची पूजा रंगनाथकडे. टेलरच्या दुकानात बंदुकीला हळद-कुंकू वाहतात याचं स्टँडवर कुणालाही नवल वाटेनासं झालं होतं.

नारळ एरवी दुकानाच्या पायरीवर फुटायचा. यंदा रस्त्याकडेच्या गटारीचं काम निघालं आणि पायरी गटारीत गेली. रंगनाथनं इकडेतिकडे बघितलं आणि मशीनच्या लोखंडी पायावर नारळ आपटला. नारळ काही ऐकेना. मग त्यानं अंगातलं सगळं बळ एकवटून दुसरा घाव घातला. त्या मशीनच्या एका पायाखाली कधीकाळी घडी करून ठेवलेला पुठ्ठ्याचा तुकडा होता. तो सरकला. मशीन डुगडुगलं, क्षणभर विचार केल्यासारखं थांबलं आणि अख्खंच्या अख्खं आडवं झालं, ते नेमकं बंदुकीच्या मानेवर. कट्‌ असा आवाज आला. लाकडी दस्ता नळीपासून तुटून लोंबकळायला लागला.

रंगनाथ एका उडीत इस्त्रीच्या टेबलावर चढला. वर्षभर दुखणारा गुडघा तेवढ्यापुरता बरा झाला होता.

"फौजी, खाली बस! उडंल ती!"

कानिफनाथ जागचा हलला नाही. "न्हाई उडायची."

"तुला काय म्हाईत? हत्यार हाय ते!"

"न्हाई उडायची म्हन्तो ना. उतर खाली. पाय इस्त्रीवर हाय तुझा."

रंगनाथ उतरला, जरा घाईनं. कानिफनाथनं मशीन बाजूला सारायला हातही लावला नाही, नुसता बघत राहिला. उजवा हात नेहमीसारखा पँटीच्या खिशात होता. मग त्यानं विचारलं, "नारळ फुटला का?"

नारळ शाबूत होता.

पुढं आठवडाभर रंगनाथनं ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली. बंदुकीवर मशीन पडलं, सगळे पळाले, आणि फौजी? फौजी खांबासारखा उभा. "छातीच वेगळी असती राव ह्या लोकांची," असं म्हणून तो पँटीची उंची मापायचा. स्वतः टेबलावर चढल्याचा भाग तो गाळत असे. हा कानिफनाथच्या धीराचा पुरावा आहे असं त्याला मनापासून वाटत होतं. तो पुरावा कशाचा होता, ते त्याला पुढं कळलं.

कानिफनाथ मुळातच कमी बोलायचा. पारनेरकडच्या एका गावात दोघं एका वर्गात होते. रंगनाथ दोघांच्या वाटचं बोलायचा आणि कानिफनाथ दोघांच्या वाटचा मार खायचा. मोठेपणी त्यात फारसा फरक पडला नाही. गनमॅनच्या डगल्यावर, डाव्या बाहीला, लाल कापडावर पिवळ्या दोऱ्यानं 'गनमॅन' असं शिवून द्यायची टूम रंगनाथचीच. कानिफनाथनं तेव्हा "कशाला उगं?" म्हटलं होतं, पण घरी जाऊन तो आरशासमोर बराच वेळ उभा राहिला, हे बनुबाईनं रंगनाथला सांगून टाकलं होतं. पैशाची गाडी स्टँडवर थांबली की तो मागच्या दारातून उतरायचा, बंदुकीचा पट्टा उजव्या मुठीत घट्ट धरून पाय फाकवून उभा राहायचा, आणि शाळेला जाणारी पोरं त्याला सलाम ठोकायची. तो सलाम घ्यायचा मानेनं. त्याची मुलगी निकिता नगरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचं शिक्षण आणि घरातला किराणा दोन्ही त्या लाल कापडावर चाललं होतं.

तो लाल कापडाचा तुकडा आता धोक्यात आला होता. एजन्सीचे सुपरवायझर करण सर उन्हाळ्यातच सगळ्या गनमॅनांना सांगून गेले होते की येत्या दिवाळीपासून गाडीवर लांब बंदूक चालायची नाही. गाडीत जागा नसते, नळी दाराला अडकते. पिस्तूल पाहिजे, तेही सेमी-ऑटोमॅटिक, एक गोळी सुटली की दुसरी आपोआप वर चढणारं. परवान्यावर बंदुकीऐवजी पिस्तुलाची परवानगीही सगळ्यांना मिळून गेली होती. दिवाळीआधीच्या सोमवारी प्रत्येकानं मैदानावर येऊन नव्या हत्यारानं गोळ्या झाडून दाखवायच्या. ज्याला जमेल तो गाडीवर. बाकीच्यांनी दुसरं काम बघायचं.

बाकी गनमॅन कधीच पिस्तूल घेऊन आले. कानिफनाथ मात्र रोज नवं कारण सांगायचा. "लांब बंदूक लांबनं दिसती. चोराला दिसली पायजे." कधी म्हणायचा, "पिस्तूल म्हंजे पुढाऱ्याच्या पोराची वस्तू." कधी म्हणायचा, पैसे जमू देत. रंगनाथला वाटे, गडी जुन्या बंदुकीवर जीव लावून बसलाय. आता ती बंदूकच मोडून गडी रजेवर बसल्यावर पर्याय उरला नाही, आणि मोडली रंगनाथच्या हातून, म्हणून पिस्तूल निवडायची जबाबदारी रंगनाथनं आपल्या शिरावर घेतली. ती कुणी त्याच्यावर टाकली नव्हती.

पिस्तुलातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण दोनच दिवसांत तो स्टँडवर त्याबद्दल अधिकारानं बोलायला लागला. पिस्तूल यायच्या आधीच त्यानं त्याच्यासाठी कमरेला लावायचं चामड्याचं पाकीट कापायला घेतलं. माप कुठलं, तर घरच्या मोबाईलच्या कव्हराचं, थोडं वाढवून.

एका सकाळी दोघं स्कूटरवर नगरला निघाले. मोडकी बंदूक पँटपीसमध्ये गुंडाळून कानिफनाथच्या मांडीवर.

"आज तू चालव," कानिफनाथ म्हणाला.

"तुझी गाडी असून मी चालवू? हवालदारानं धरलं तर सांगू काय, फौजीचा ड्रायव्हर हाय म्हनून?"

"सांग."

कामरगावच्या घाटात रंगनाथ बोलत होता, चासला बोलत होता, केडगावला सिग्नलवर शेजारच्या टेम्पोवाल्याशीही बोलून घेतलं. मागं बसलेला माणूस हूं हूं करत होता. कमरेला धरायला त्यानं एकच हात पुढं केलाय, डावा, हे रंगनाथच्या लक्षात आलं होतं. दुसऱ्या हातात बंदूक असणार, असं तो समजून चालला.

सायमन भोसलेंचं हत्यारांचं दुकान नगरच्या जुन्या बाजारातलं. दुकान चिंचोळं, आत काचेचा लांब काउंटर, भिंतीला साखळीनं बांधलेल्या बंदुका. सायमन भोसले सत्तरीचे, रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवणारे. हत्यारं विकणारा माणूस इतका मऊ बोलेल याची रंगनाथला कल्पना नव्हती. त्यांनी मोडकी बंदूक उघडून बघितली आणि मान हलवली. "दस्ता बसवता येईल, पण बाहेरून मागवावा लागेल. दिवाळी निघून जाईल. आणि गाडीवर ही चालणार नाही म्हणता ना?"

"न्हाईच चालनार," रंगनाथ म्हणाला. "आमच्या नाईकाला पिस्तूल दाखवा. लई म्हाग नको आन् ऐनवेळी दगा देनारं नको."

"सगळेच तसं मागतात," सायमन हसले. "स्वस्तात भरवशाचं पाहिजे तर चकचकाट बघायचा नाही. परदेशी नाव बघायचं नाही, तिथं ट्रॅक्टरची किंमत होते. सरकारी कारखान्याचं, एकाच मालकाकडं राहिलेलं, कमी वापरलेलं असं बघायचं. मी मॅगझिनची, म्हणजे गोळ्यांच्या पेटीची, स्प्रिंग नवी टाकून देतो, पिस्तूल अडतं ते बहुतेक तिथंच. वाचतील त्या पैशांची काडतुसं घ्यायची आणि सराव करायचा."

"म्हंजे जुनी मोटरसायकल घेतल्यावानीच की."

"अगदी. फक्त हिला दुकानात किक मारून बघता येत नाही." सायमन कानिफनाथकडे वळले. "पैशाचं मागनं बोलू. पिस्तूल हातावर घेतात. हात दाखवा."

कानिफनाथनं डावा हात पुढं केला.

"डावरे आहात?"

"न्हाई."

सायमन भोसलेंनी खालच्या कपाटातून एक पिस्तूल काढलं, मॅगझिन काढून आतली जागा रिकामी असल्याचं स्वतः बघितलं, दोघांनाही दाखवलं आणि काउंटरवर ठेवलं. नवंकोरं, काळंभोर.

कानिफनाथनं लांबूनच बघितलं. "म्हाग असंल."

दुसरं एका निवृत्त मामलेदाराचं, वर्षानुवर्षं कपाटातच राहिलेलं.

"जड हाय."

"तू उचललंबी न्हाई अजून!" रंगनाथ म्हणाला.

"दिसतंय की."

तिसऱ्याचा मुठीवरचा रंग उडाला होता. ते रंग उडाल्यामुळं नापास झालं.

"नवरी बघाया आलाय का रे तू?" रंगनाथला आता हसू आवरेना. "एक जाड, एक सावळी! भोसलेसाहेब, ह्याचं लगीनबी असंच लांबलं हुतं. बनुवहिनी दिसली तवा कुठं गडी मान वर करून बघायला लागला."

सायमन हसले नाहीत. ते कानिफनाथच्या खिशाकडे बघत होते. मग मामलेदाराचं पिस्तूल त्यांनी पुन्हा पुढं सरकवलं आणि हळूच म्हणाले, "नाईक, वरची स्लाईड एकदा मागं ओढून बघा. घाई नाही."

फौजेचा हुद्दा कानावर पडला तशी कानिफनाथची पाठ सरळ झाली. त्यानं उजवा हात खिशातून बाहेर काढला आणि पिस्तुलावर ठेवला.

आणि काच वाजायला लागली.

टिक टिक टिक टिक. पावसाचे थेंब पत्र्यावर पडावेत तसा बारीक आवाज. रंगनाथला आधी वाटलं, बाहेर ट्रक गेला, काउंटर हादरतोय. मग वाटलं, घाटातला गारठा. तो म्हणणार होता, चहा पाजा हो साहेब, आमच्या फौजीला हिव भरलं. शब्द जिभेवर आला होता. तेवढ्यात त्याची नजर हातावर गेली. कानिफनाथचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर फिरत होतं, जणू काही तो दोरा वळत होता. पिस्तूल त्या हाताखाली काचेवर नाचत होतं. कानिफनाथनं दुसऱ्या हातानं स्लाईड धरली आणि ओढली. ती अर्धीही आली नाही. त्यानं पुन्हा ओढली. कपाळाची शीर फुगली. फौजेत मशीनगन खांद्यावर वाहिलेला माणूस तो.

सायमननी आपला म्हातारा हात त्या हातावर ठेवला. आवाज थांबला.

"आज राहू द्या," ते म्हणाले. "चहा घेऊ."

चहा आला. कानिफनाथचा ग्लास सायमननी स्वतः अर्धा करून दिला. तेव्हा रंगनाथला आठवलं की गेलं वर्षभर दुकानातसुद्धा फौजी अर्धाच चहा मागायचा, आणि आपण त्याला साखरेचा आजार समजून सगळ्या स्टँडला सांगत सुटलो होतो. मग त्याला दुसरी गोष्ट आठवली. शेवटच्या तीन पँटींचा उजवा खिसा कानिफनाथनं खोल करून घेतला होता. "मनगटापत्तर जाऊ दे हात," म्हणाला होता. रंगनाथनं खडूनं खूण करताना विचारलं होतं, "पैसं लपवायचं का बायकोपासनं?" आणि दोघं हसले होते. तो खिसा त्यानं स्वतःच्या हातानं शिवला होता, डबल शिलाई घालून.

येताना घाटाच्या माथ्यावर रंगनाथनं स्कूटर बाजूला घेतली. खाली वाळलेल्या कुसळांचा डोंगर, वर पवनचक्क्या फिरत होत्या. दोघं दगडावर बसले.

"कवापासनं?" रंगनाथनं विचारलं.

"मागल्या वर्साच्या संक्रांतीपासनं. पयल्यांदा नुसतं बोट हालायचं. डॉक्टर म्हनला, कंपवात हाय. गोळ्या देतो, पन वाढत जानार."

"पोरीला सांगितलं?"

"ती आली की मी हात खिशात घालून बसतो. नर्स हाय ती. येका नजरंत वळखंल. परीक्षा झाल्यावर सांगू."

"आन् गाडीवर? येवढे दिस?"

"लांब बंदुकीला पट्टा असतो. पट्टा आवळून धरला की हात हालत न्हाई. हालला तरी बंदूक हालतीय असं दिसतं. पिस्तुलाला पट्टा नसतो, रंगा."

रंगनाथनं एक कुसळ उपटलं.

"मी मोडली राव तुझी बंदूक."

"आयकून घे," कानिफनाथ म्हणाला. "वैशाखात गाडी आपल्या स्टँडवरच थांबल्याली. मी दाराशी. येवढ्यात एक बाई पळत आली. तोंडाला स्कार्फ गुंडाळल्याला, डोळ्याला काळा चश्मा, हातात काय तरी काळं. 'ओ काका, ओ काका,' ओरडत सरळ गाडीकडं. मी बंदूक उचलली. शिकवल्यालं तसंच उचलली. आन् बोट चापावर गेलं. गेलं म्हंजे, मी न्हाई नेलं. त्येचं त्ये हालत हुतं."

"कोन हुती?"

"ती पार्लरवाली मोनिका. आमच्या कॅशवाल्याचा मोबाईल तिच्या पायरीवर राहिल्याला, त्यो द्यायला आल्ती. स्कार्फ उनाचा. हसाया लागली मला, 'काका, घाबरले व्हय?' म्हनून. पुढच्या महिन्यात तिच्या घरी बारसं हुतं. पोटुशी हुती ती, रंगा."

वाऱ्याचा आवाज येत होता.

"त्या दिसापासनं बंदूक रिकामी हाय. काडतुसं घरी, बिस्किटाच्या डब्यात."

म्हणून उडली नव्हती. धीर, छाती आणि खांबासारखं उभं राहणं, रंगनाथनं गिऱ्हाइकांना सांगितलेली सगळी गोष्ट त्या दगडावर गळून पडली. आणि तिच्या जागी दुसरी उभी राहिली. सगळा उन्हाळा, सगळा पावसाळा हा माणूस लाखो रुपयांच्या गाडीसमोर रिकामी नळी घेऊन उभा होता. दरोडा पडला असता तर पहिली गोळी ह्याला लागली असती, आणि ह्याच्याकडे उत्तर द्यायला काही नव्हतं. पोरं सलाम ठोकत होती आणि हा मानेनं घेत होता.

रंगनाथ हिंमत हरणारा नव्हता. सुप्यात पोचेपर्यंत त्याच्या डोक्यात बेत शिजला. "पिस्तूलबी रिकामं बाळगायचं! मी पाकीट आसं शिवतो, वरनं पट्टी, तिला दोन बटनं. कुनी काढ म्हनलं तर बटनातच आर्धा तास जाईल. आन् त्या सोमवारच्या गोळ्यांचं करन सरांना मी सांगतो, फौजीचा खांदा धरलाय. मंग पुढं मला बघू दे."

कानिफनाथ स्कूटर घेऊन घरी गेला.

दोन दिवसांनी बनुबाई दुकानात आली. रंगनाथ चामड्याला भोकं पाडत बसला होता. तिनं ते पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि मशीनवर ठेवून दिलं.

"भावजी, शिवू नगा ह्ये."

"वहिनी, नोकरी जाईल त्याची."

"जाऊ द्या. शेरडं हायेत. पोरगी हाताशी येती."

"आन् त्याचं नाव? सगळं स्टँड फौजी फौजी करतंय."

बनुबाई दाराच्या चौकटीशी बसली. "तुमाला येक सांगते. मालकांना सांगू नगा. रोज सकाळी कामाला जायच्या वक्ताला त्यो बिस्किटाचा डबा वाजतो. झाकन निघतं. मी चुलीपाशी असते. मालक काडतुसं हातावर घेत्यात, नुसतं बघत्यात. लई येळ. मंग झाकन पुन्हा लागतं. ते लागल्याबिगर माझ्या हातनं भाकरी तव्यावर पडत न्हाई."

"कशापायी करतो आसं?"

"इचारलं न्हाई. धीर न्हाई झाला." ती उठली. "आता बंदूकच न्हाई, तरीबी डबा वाजतो. पन आता मी भाकरी टाकत ऱ्हाते."

ती गेली. रंगनाथनं पाकीट मशीनच्या खणात टाकलं आणि उगाच कुणाच्या तरी पँटीची शिवण उसवत बसला. ती पँट उसवायची नव्हती, हे संध्याकाळी गिऱ्हाईक भांडायला आलं तेव्हा कळलं.

सोमवारी मैदानावर गोळ्या झाल्या. कानिफनाथ तिथं गेला, पण रांगेत उभा राहिला नाही. करण सरांना त्यानं बाजूला घेतलं, उजवा हात खिशातून काढून त्यांच्यासमोर धरला आणि तो थरथरणारा हात त्यांना तसाच बघू दिला. करण सर तरणे, मुलाच्या वयाचे. त्यांनी आधी खाली बघितलं, मग टोपी काढली. एका कारखान्याच्या पार्किंगमध्ये साध्या वॉचमनची जागा होती, ती त्यांनी देऊ केली. पगार निम्म्यावर. हे सगळं रंगनाथला एका गनमॅननं सांगितलं. सांगताना तोही हळू आवाजात बोलत होता.

धनत्रयोदशीला दुकानात उभं राहायला जागा नव्हती. नव्या कपड्यांची घाई, पोरांचं रडणं, इस्त्रीची वाफ. त्या गर्दीत कानिफनाथ आला. अंगात गनमॅनचा डगला. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला आणि सगळी गिऱ्हाइकं जाईपर्यंत थांबला. रंगनाथनं चहा सांगितला, अर्धा.

मग कानिफनाथनं डगला काढून मशीनवर ठेवला. डावी बाही वर.

"ह्ये काढ."

"ऱ्हाऊ दे की. कोन बघतंय पार्किंगमधी?"

"खोटं हाय आता. काढ."

रंगनाथनं ब्लेड घेतलं. त्यानं आयुष्यात हजारो शिवणी उसवल्या होत्या, लोकांच्या वाढलेल्या पोटांसाठी, आटलेल्या कमरांसाठी. ही उसवताना मात्र ब्लेड अडत होतं. शिलाई पक्की होती, त्याचीच होती. पिवळा दोरा एकेक करून निघाला. लाल कापड सुटलं आणि त्याखाली डगल्याचा मूळ खाकी रंग दिसला, उन्हानं न विटलेला, दुकानातून आणला तसा. बाहीवर तेवढाच चौकोन नवा होता.

कानिफनाथनं तो चौकोन डाव्या हातानं चाचपला. उजवा हात मांडीवर उघडाच होता. खिशात नव्हता. अंगठा बोटावर फिरत होता आणि या वेळी तो लपवत नव्हता.

बाहेर कुणीतरी फटाक्याची माळ लावली. दोघांनी ती संपेपर्यंत वाट बघितली.

रंगनाथच्या मनात घाटातल्या त्या दिवसापासून एक वाक्य साचलं होतं. ते त्यानं नारळाकडे बघत म्हटलं. तो न फुटलेला नारळ अजून कपाटावरच होता, कुंकू लावलेला. कुणाला फोडायचा धीर झाला नव्हता.

"फौजी, त्या दिशी माझं मशीन पडलं नसतं, तर तुझी बंदूक दिवाळीपत्तर तरी खांद्याला आसती. रिकामी का हुईना. तवर कुनाला कळलंबी नसतं."

कानिफनाथनं डगला उचलला, झटकला आणि अंगात घातला.

"व्हय, आन् येखाद्या सकाळी मी ती भरली आसती."